जपानी चित्रांतली गुरंढोरं, कोंबडे आणि भाताची खाचरं

उन्हाळपाखरू (धागालेखिका)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहायचं मनात होतं. नोकरीमुळे टोकियोत येऊन चार वर्षं झाली, सुट्टी मिळाली की उएनोच्या नॅशनल म्युझियममध्ये जाते आणि दर वेळी सामुराई, किमोनोतल्या बायका वगैरे सोडून माझे पाय गुरं नि शेतं असलेल्या चित्रांपाशीच अडतात. आजोळ भोरकडचं, भाताचं, त्यामुळे असेल. आपल्याकडे जपानी चित्र म्हटलं की होकुसाईची लाट आणि फुजीचा डोंगर एवढंच डोळ्यापुढं येतं, पण तिथल्या चित्रकारांनी बैल, घोडा, कोंबडा, बेडूक, चिमणी यांच्यावर इतका जीव लावून काम केलंय की ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सुरुवात माझ्या सगळ्यात लाडक्या चित्रानं करते. कुसुमी मोरिकागे, सतराव्या शतकातला. दोन पानांचा घडीचा पडदा आहे (ब्योबू म्हणतात), नाव 'नोर्यो-झु', म्हणजे संध्याकाळच्या गारव्याला बसलेली माणसं. आता राष्ट्रीय ठेवा आहे तो. आणि त्यात आहे काय, तर शेतकऱ्याची झोपडी, तिला लागून वेलाचा मांडव, मांडवाखाली चटई टाकून नवरा, बायको आणि पोर. नवरा हनुवटी हातावर टेकवून लवंडलाय, बायको उकाड्यामुळे कमरेवर उघडीच बसलीय, पोर मागून डोकावतंय, वर फिकट चंद्र. दिवसभराचं काम संपलंय आणि आता कुणालाच काही बोलायचं नाहीये. तो वेल युगाओचा, म्हणजे आपला दुधीच हो! ते कळलं त्या दिवशी मी त्या चित्रापुढून हललेच नाही, आजीच्या परसातला मांडव तस्सा आठवला.

हा मोरिकागे शोगुनच्या (जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या) दरबारी चित्रकाराचा, कानो तान्यूचा, पट्टशिष्य. मुलगीही (युकिनोबू) नावाजलेली चित्रकार. पण मुलाला सादो बेटावर हद्दपार केलं, कानो घराण्यापासून हाही तुटला, पुढे कागा प्रांतात म्हणजे कानाझावाकडे राहिला आणि चार ऋतूंतल्या शेतीचे पडदे पुन्हा पुन्हा काढत राहिला. शेतीची चित्रं काढायची रीत मूळ चीनमधली. बाराव्या शतकात लोउ शु नावाच्या अधिकाऱ्यानं भातशेतीची २१ आणि रेशमाची २४ चित्रं केली, ती परंपरा जपानात आली आणि कानो घराण्यानं उचलली. सुरुवातीला शेतकरीही चिनी वेशातलेच काढायचे, मोरिकागेनं त्यांच्या जागी आपल्या गावातली माणसं आणली.

आता माझं मुख्य म्हणणं. मला वाटतं ही चित्रं इतकी जिवंत झाली कारण ती बघणाऱ्यांत असा माणूस होता ज्यानं त्या जनावराला रोज चारा घातलाय, त्याच्यापुढं चूक खपायची नाही. मारुयामा ओक्यो (१७३३–१७९५) तर स्वतःच तान्बा प्रांतातल्या आनो गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याची एक गोष्ट सांगतात. त्याला झोपलेला रानडुक्कर काढायचा होता. यासे गावच्या एका मोळीवाल्या म्हातारीला त्यानं सांगून ठेवलं, तिनं एक दिवस निरोप धाडला की घरामागच्या बांबूत डुक्कर निजलाय, हा धावत गेला आणि जसाच्या तसा काढून आणला. पुढे कुरामाचा एक म्हातारा आला, चित्र बघून म्हणाला, हा झोपलेला नाही, आजारी आहे, झोपलेल्या डुकराचे केस ताठ असतात आणि पायात जोर असतो. ओक्यो चपापला. नंतर म्हातारी भेटली तेव्हा तिनं सांगितलं, तो डुक्कर दुसऱ्या दिवशी तिथंच मेलेला सापडला. मग म्हाताऱ्याला विचारून विचारून त्यानं चित्र नव्यानं काढलं.

तुम्ही कुणी काही बघितलं असेल, माहीत असेल तर लिहा.

गुरांचा_डॉक्टर

वा! त्या कुरामाच्या म्हाताऱ्याला माझा दंडवत. मी २२ वर्षं गावोगाव फिरून जनावरं तपासतोय आणि हे अगदी असंच असतं. धडधाकट बैल बसतो तेव्हा छातीवर बसतो, पाय पोटाखाली, मान वर, रवंथ चालू. कुशीवर आडवा पडून मान टाकलेला दिसला की मी आधी पिशवी उघडतो. गोठ्याच्या दारातूनच निम्मं निदान होतं, ते चित्रातून करता आलं म्हणजे चित्रकारानं केवढं बारीक टिपलं असेल बघा.

तुमचा धागा वाचून काल रात्री जपानी बैलांची चित्रं शोधत बसलो. पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे वशिंड नाही, गळ्याखालची पोळीही आपल्या खिलारीसारखी लोंबत नाही, बुटका, भरदार, काळाभोर. तेराव्या शतकात तिथं नामांकित बैलांची व्यक्तिचित्रंच काढलीत (सुंग्यू-झु), उमरावांच्या गाड्या ओढणारे बैल. चित्रांची मूळ लांब गुंडाळी पुढे कापून वेगळी केली, एक तुकडा तुमच्याकडे उएनोत, एक अमेरिकेत क्लीव्हलंडला. पार्श्वभूमी काहीच नाही, नुसता बैल. खांदा कसा भरलाय, खूर कसे आहेत, सगळं बाजारात जनावर पारखताना बघतो तसं.

खाचर

धागा आवडला ताई. मी राजापूर तालुक्यातला, घरची भातशेती, अजून बैलांचं जोत आहे. दोन गोष्टी विचारतो. त्या शेतीच्या चित्रांत मला काही ठिकाणी चक्क रेडे दिसले, जपानात रेड्यांनी चिखलणी करायचे काय? आणि भाताची जी गवतात बांधलेली गाठोडी सगळीकडे दिसतात ती म्हणजे आमचा मुडाच की! माझा आजा पेंढ्याचे मुडे असे वळायचा की वरून पाणी ओतलं तरी आतला दाणा भिजायचा नाही.

उन्हाळपाखरू

खाचरदादा, रेडे म्हणजे चिनी चित्रांवरून आलेला वारसा. दक्षिण चीनमध्ये रेड्यावर शेती, जपानात बैल नि घोड्यावर. चित्रकारानं कित्येकदा शेतात न जाता जुन्या नमुन्यावरून काढलं, म्हणून रेडे तसेच राहिले. कोण शेतात गेलं आणि कोण नाही हे यावरूनही थोडंफार ओळखता येतं.

आणि हो, तो मुडाच! तावारा म्हणतात. मुड्यांचं एक भन्नाट चित्र आहे बाराव्या शतकातल्या 'शिगिसान एंगी' या गुंडाळीत. डोंगरावरचा म्योरेन नावाचा साधू आपलं भिक्षापात्र हवेतून खाली पाठवायचा, गावच्या श्रीमंतानं एकदा ते कोठारात कोंडून ठेवलं, तर पात्रानं सगळं कोठारच उचलून डोंगरावर नेलं. श्रीमंत मागोमाग गेला, गयावया केली. साधू म्हणाला कोठार ठेवतो, भात घेऊन जा, एक मुडा पात्रावर ठेवा. ठेवला, आणि बाकीचे शेकडो मुडे त्याच्यामागं रांगेनं उडत निघाले, पाखरांचा थवा परत यावा तसे. वाड्यातल्या बायका तोंड वासून आकाशाकडं बघताहेत. पेंढ्याची गाठोडी उडताना इतकी हलकी दिसतात की खरंच वाटतं.

गेरूकाव

मी चित्रकलेची शिक्षिका, मला तंत्राबद्दल लिहायचंय. तावाराया सोतात्सुचे दोन बैल आहेत क्योतोच्या चोम्योजी देवळात, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचे, फक्त काळ्या शाईत. बाहेरची रेघच नाही! शाईचा डाग ओला असतानाच त्यात अजून शाई किंवा पाणी सोडायचं, ते आपोआप पसरतं, वाळताना कडेला गडद होतं. याला ताराशिकोमी म्हणतात. बैलाच्या अंगावर स्नायूंच्या मधे जी फिकट फट दिसते ना, तिथं कागद नुसता कोरा सोडलाय.

मी गेल्या मे महिन्यात आठवडाभर हे करून बघत होते. साध्या हातकागदावर शाई सरळ आत शोषली जाते आणि डागाचा चिखल होतो. मग कागदाला सरस आणि तुरटीच्या पाण्याचा हात दिला, वाळवला, तेव्हा कुठं शाई वरच्यावर डबक्यासारखी उभी राहिली. त्यात दुसरा थेंब सोडला की तो कुठं जाईल ते आपल्या हातात नाही, कागद जरासा तिरका केला की बैलाच्या पाठीवरून पोटाकडं ओघळतो. पंधरा-सोळा कागद गेले, एकावर मात्र खांदा उतरला, ओल्या बैलाच्या कातडीवर चमक असते तसा. तो कागद मी जपून ठेवलाय.

आणि एक गोष्ट ध्यानात आली ती सांगते. तो सरस (निकावा) जनावरांच्या कातड्या-हाडांचा. शाई म्हणजे काजळी आणि तोच सरस. पांढरा रंग शिंपल्यांचा. ब्रश हरणाच्या, घोड्याच्या, मुंगसासारख्या वीझलच्या केसांचे. म्हणजे बैलाचं चित्र बैलाच्याच सरसानं कागदाला धरून राहिलंय, चारशे वर्षं.

मंडईकर

गेरूकावताई, काय लिहिलंय, परत परत वाचलं.

मी इतो जाकुचुबद्दल लिहितो, कारण तो आमच्यातला. क्योतोच्या निशिकी बाजारातल्या भाजीच्या ठोक व्यापाऱ्याचा थोरला मुलगा, जन्म १७१६. माझी तिसरी पिढी पुण्यात मंडईत, त्यामुळं हा माणूस मला घरचा वाटतो. चाळिशीत धंदा भावावर सोपवून चित्रांना वाहून घेतलं. अंगणात डझनावारी कोंबड्या पाळल्या आणि नुसतं बघत बसायचा, मगच हातात ब्रश. त्याची तीस चित्रांची मालिका आहे 'दोशोकु साइ-ए', साधारण १७५७ ते १७६६ दरम्यान केली आणि शोकोकुजी देवळाला देऊन टाकली. १८८९ ला ती राजघराण्याकडं गेली, २०२१ ला राष्ट्रीय ठेवा जाहीर झाली.

त्यात एका चित्रात तेरा कोंबडे आहेत. तेराच्या तेरा वेगळे, एकाच्या अंगावर ठिपके, एकाच्या चट्टे, लाल तुऱ्यांची नुसती गर्दी. मोबाईलवर झूम करून बघा, तुऱ्यावर बारीक बारीक दाणे आहेत, प्रत्येक दाणा वेगळा टेकवलाय. रेशमाच्या कापडावर काढलेलं, आणि काही रंग त्यानं कापडाच्या मागच्या बाजूनं लावलेत, पुढून नुसती झाक येते. त्याच्या पांढऱ्या पक्ष्यांच्या पिसांतून सोनं चमकल्यासारखं दिसतं ना, तिथं सोनं नाहीच, मागून पिवळी माती लावलीय.

अजून एक, पिकलेल्या राळ्यावर चिमण्यांचा थवा झेपावतोय, सगळ्या तपकिरी आणि मधेच एक पांढरीशुभ्र. शेतावर राखणीला बसलेल्या माणसाला असा थवा म्हणजे पोटात गोळा, पण त्यातली एक वेगळी चिमणी दिसली की तोही गोफण खाली ठेवून बघत राहील.

आणि भाज्यांचं महानिर्वाण! बुद्ध शेवटचा आडवा झाला तसा मधोमध एक मुळा, उपड्या टोपलीवर निजलाय, भोवती वांगी, भोपळे, सलगम, कंद असा भाजीबाजार शोक करत बसलाय, सालवृक्षांच्या जागी मक्याची ताटं. कुणाला गंमत वाटेल, मला वाटत नाही. भाजीवर घर चाललेल्या माणसानं मुळ्याला दिलेला मान आहे तो. निशिकी बाजार बंद पडायची वेळ आली तेव्हा हाच जाकुचु दोनेक वर्षं चित्रं बाजूला ठेवून बाजार वाचवायला खटपट करत होता, हे वाचल्यापासून तर जास्तच.

ताकभात

सगळं सुंदर आहे पण एक टोचतंय म्हणून लिहितो. ही ऋतूंची शेतीचित्रं कुणाच्या भिंतीवर होती? देवळांत, सरदारांच्या वाड्यांत. शेतकरी हसतोय, बैल गुटगुटीत, पीक भरघोस. आणि प्रत्यक्षात पिकाचा मोठा वाटा सारा म्हणून मुड्यांमुड्यांनी वाड्यात जायचा. १७८० च्या दशकातल्या तेनमेइ दुष्काळात माणसं झाडाच्या साली खात होती. खातेऱ्यात राबणाऱ्याला बघून वाड्यातल्याला बरं वाटावं म्हणून काढलेलं चित्र आणि राबणाऱ्याचं चित्र यात फरक करायला नको का?

उन्हाळपाखरू

ताकभात, करायलाच हवा. या चित्रांमागचा हेतूही तोच सांगतात की राज्यकर्त्याला रयतेच्या कष्टाची जाणीव राहावी, पण बहुतेक पडद्यांत कष्ट दिसत नाहीत, नुसती शोभा दिसते हे मलाही जाणवतं. मोरिकागेच्या त्या तिघांवर मी एवढी जीव टाकते ते म्हणूनच, ते कुणाला दाखवायला बसलेले नाहीत, आणि हसतही नाहीयेत.

पण दुसरी बाजूही आहे, चित्रं शेतकऱ्याच्या कामाचीही होती. क्योतोजवळच्या किफुने देवस्थानात पाऊस हवा असेल तर काळा घोडा वाहायचे, पाऊस थांबायला हवा असेल तर पांढरा. पुढं जिवंत घोड्याऐवजी लाकडी फळीवरचा घोडा आला, त्यातून एमा निघाली. आज परीक्षेला बसणारी पोरं देवळात ज्या छोट्या फळ्या टांगतात त्या याच. 'ए' म्हणजे चित्र, 'मा' म्हणजे घोडा, फळीवर मांजर असलं तरी नाव घोड्याचंच.

आणि दंतकथा बघा. क्योतोच्या निन्नाजी देवळात कोसे नो कानाओकानं काढलेला घोडा होता. आजूबाजूच्या शेतांतला भात रात्री कुणीतरी खाऊन जायचं. लोकांनी शोधलं तर चित्रातल्या घोड्याच्या पायांना चिखल! शेवटी चित्राचे डोळे खरवडून काढले तेव्हा शेत वाचलं. टोकियोत सेन्सोजीच्या घोड्याचीही तशीच कथा, तिथं डोळे नाही काढले, चित्रात दावं रंगवून घोडा बांधून टाकला. भातशेतीवाल्यानंच रचलेली वाटते.

रेशीमकोष

मी बीड जिल्ह्यात तुतीची लागवड आणि रेशीम करतो. किड्यांचा मोठा वैरी उंदीर, हे सगळ्या रेशीमवाल्यांना माहीत. म्हणून हे सांगायलाच आलो.

जपानात आताच्या गुनमा भागात इवामात्सु नावाचं सरदार घराणं होतं. कुळ मोठं, नित्ता वंशाचं, पण जहागीर फक्त १२० कोकू (तांदूळ मोजायचं जपानी माप) तांदळाची. या घराण्याच्या चार पिढ्यांनी मांजरांची चित्रं काढली. का, तर भोवतालचे रेशीमवाले शेतकरी मागायला यायचे! ते चित्र किड्यांच्या खोलीत टांगायचे, उंदीर फिरकत नाहीत असा विश्वास. मांजर ऐटीत वगैरे नाही, मान वळवून, डोळे वटारून कुठंतरी वर बघतंय. चौथ्या पिढीतले तोशिझुमी मेइजी काळात (१८६८ नंतर) बॅरन झाले तर लोक त्यांना मांजर-बॅरन म्हणायचे. ताकभात म्हणाले तसं वाड्यासाठीचं चित्र एकीकडं, इथं सरदारच शेतकऱ्यासाठी काढतोय.

उतामारोनंही रेशमाच्या कामाची बारा चित्रांची मालिका केलीय. बायका सुरेख आहेत पण मी पाला कसा चिरलाय, ताटं कशी रचलीत ते बघत होतो. अंड्यांपासून पतंगापर्यंत क्रम बरोबर आहे.

पायवाट

हिरोशिगे राहिला की! त्याच्या एका मालिकेतलं १८५७ मधलं योत्सुयाच्या नाइतो शिंजुकूचं चित्र बघा. आज जिथं टोकियोच्या गगनचुंबी इमारती आहेत त्याच भागातलं. चित्राच्या पुढ्यातच घोड्याचा मागचा भाग, शेपटी, मागचे पाय, आणि खाली पडलेली लीद, गाव लांब मागं. पहिल्यांदा बघून मी दचकलोच. पण त्या रस्त्यानं खरंच असं दिसायचं, ओझ्याच्या घोड्यांच्या मागनं चालणाऱ्याला दुसरं काय दिसणार. पायांत नाल नाही, पेंढ्याच्या चपला आहेत, त्याही घोड्याला! भात काढला की त्याच्या पेंढ्याच्याच मुड्या, त्याच्याच चपला, दोर, छप्पर.

त्याच मालिकेत आसाकुसाचं मांजर, खिडकीत पाठमोरं बसून शेतापलीकडची जत्रा बघतंय. आणि ओजीचे कोल्हे, वर्षाच्या शेवटच्या रात्री एका मोठ्या झाडाखाली जमलेले, प्रत्येकाच्या तोंडापाशी ज्योत. इनारी म्हणजे भाताची देवता, कोल्हा तिचा दूत, आणि गावकरी त्या ज्योती बघून पुढच्या सालचं पीक कसं येईल ते ठरवायचे.

गुरांचा_डॉक्टर

अजून एक सापडलं. सोळाव्या शतकातल्या तबेल्यांच्या पडद्यांवर घोड्यांच्या रांगेत माकड बांधलेलं दिसतं. माकड जवळ असलं की घोडे आजारी पडत नाहीत अशी समजूत. निक्कोच्या देवस्थानातली ती तीन माकडं, वाईट बघू नका वाली, ती देवाच्या घोड्याच्या तबेल्यावरच कोरलीत, आता कळलं का ते.

शिवाय इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मूनं बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला बंदी केली, ती चौथ्या ते नवव्या महिन्यापर्यंत, म्हणजे नेमकी भाताच्या हंगामात. त्या यादीतले बैल नि कुत्रा चित्रकार नागासावा रोसेत्सुच्या पडद्यावर एकत्र दिसले तेव्हा मला तेच आठवलं, एवढा मोठा काळा बैल की पडद्यात मावत नाही, आणि त्याच्या पोटाशी टेकून कुत्र्याचं एक इवलंसं पांढरं पिल्लू निवांत बसलंय. बैल पिल्लाला काही करणार नाही हे त्या पिल्लाला पक्कं ठाऊक आहे. आमच्याकडच्या गोठ्यांत कडाक्याच्या थंडीत हेच बघतो, कुत्रं गुरांच्या उबेला.

खाचर

काल लाइट गेलेली, मोबाईलवर ताईंनी सांगितलेले पडदे आईला दाखवत होतो. त्यात एक सोळाव्या शतकातला बारा महिन्यांच्या चालीरीतींचा पडदा आहे, त्यात लावणी चाललीय, बायका रांगेत वाकलेल्या आणि बांधाकडं बाप्ये ढोल वाजवून नाचताहेत. आई ७४ वर्षांची, परदेशाचं काही तिच्या डोक्यात नाही, तिनं मोबाईल जवळ धरला आणि म्हणाली, "ह्यो ढोल आमच्या वेळंला असता तर पाठ कमी दुखली असती." मग विचारलं, "गानी कसली म्हनत असतील रे?" मला सांगता येईना. ताई, तुम्हाला माहीत आहे का?

उन्हाळपाखरू

खाचरदादा, आईंना माझा नमस्कार सांगा. लावणीची वेगळी गाणीच आहेत, ताउए-उता म्हणतात, एकजण ओळ टाकतो आणि बायका पुढची ओळ उचलतात. मी दोन वर्षांपूर्वी हिरोशिमा जिल्ह्यातल्या मिबु गावी मुद्दाम गेले होते, तिथं जूनच्या पहिल्या रविवारी हाना-ताउए असते, २०११ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. आधी बैल खाचरात उतरतात, पाठीवर रंगीबेरंगी झूल, उंच सजवलेलं खोगीर, आणि चिखलणी करतात. मी बांधावर होते, एक बैल अगदी जवळून गेला, खूर चिखलातून उपसताना तो भचाक आवाज, पोटापर्यंत चिखल, वर सगळं जरीचं. नंतर ढोल सुरू झाले आणि बायका ओळीनं वाकल्या. गाण्याची फीत आहे माझ्याकडे, आज रात्री पाठवते, आईंना ऐकवा आणि त्या काय म्हणाल्या ते इथं लिहा.